व्यवसाय : इतर

सेतू केंद्रातल्या पोराने माउस थांबवला :
"वडील काय करतात?"
क्लॅरोनेट वाजवतात, मी म्हटलं.
त्याने यादी खाली ओढली, वर ओढली.
शेती, मजुरी, नोकरी, किराणा.
बँड कुठे सापडेना.
मग "इतर"वर टिचकी मारून म्हणाला, चालतं.

अप्पा मागे उभे होते, वरातीतला लाल कोट घालून.
धड असा तेवढाच एक.
बाह्यांवरची सोनेरी फीत आईने काल रात्री उसवली
तरी टाक्यांची भोकं दिसतच होती,
आणि फितीखालचा लाल, ऊन न लागलेला,
बाकीच्या लालपेक्षा कितीतरी नवा.

"वर्षाचं उत्पन्न?"
अप्पांनी पंख्याकडे पाहिलं.
ते तिथी मोजतायत हे मला कळलं :
तुळशीच्या लग्नापासून सुरू,
पौष कोरडा,
आखाजीला एका दिवसात तीन तीन सुपाऱ्या,
मग गणपती,
आणि मधेच एखादी म्हातारी वाजतगाजत गेली
तर तिचे अर्धेच घ्यायचे.
"एक लाख ऐंशी," ते म्हणाले.

हिशोबाची वही माझ्याकडे असते,
सातवीपासून.
अप्पा, चौऱ्याऐंशी. मी हळूच म्हटलं.
"इतलं कमी? अन् ते बी सरकारी कागदवर?"
रांगेत कासोद्याचेच दोघे होते.
त्यांनी आमच्याकडे न पाहण्याचं सौजन्य दाखवलं,
म्हणजे सगळं ऐकलं.

धुळ्याच्या नर्सिंग कॉलेजची फी
ज्या आकड्याने माफ होणार होती
त्याच आकड्यापाशी अप्पा अडून बसले,
मानपानात काही राहिलं की
मांडवात वरबाप बसतो तसे.
अशा वेळी ते आपले कोपऱ्यात
काहीतरी संथ वाजवत राहतात, रुसवा निघेपर्यंत.
इथे वाजवणारं कोणी नव्हतं.
प्रिंटर तेवढा घरघरत होता.

शेवटी स्वयंघोषणापत्र आलं.
रक्कम अक्षरी त्यांनाच लिहायची होती.
चौऱ्याऐंशी लिहायला अवघड,
त्यातला ऱ्या अडतो.
त्यांनी मला विचारलं नाही.
पेन दोनदा उचललं, दोनदा टेकवलं,
आणि बरोबर लिहिलं.
सही मात्र रकान्याबाहेर गेली.

परतीच्या बसमध्ये बऱ्याच वेळाने म्हणाले,
"तुनी वहीमा एक रकम नही शे."

वरातीत पोरं नोटा ओवाळून भिरकावतात,
ढोलवाली मुलं त्या वेचतात.
अप्पा वाकत नाहीत.
तोंडात सूर असताना वाकू नये, हा त्यांचा नियम.
माझ्या बारावीच्या वर्षी वाकले.
अकरा वेळा, म्हणाले.
रुपये मोजले नव्हते, वाकणं मोजलं होतं.
"ते बी धरनं पडी का?"

नाही, मी म्हटलं.
त्याला रकाना नाही.

अर्ज सादर करायच्या शेवटच्या रात्री
सहा आकडे गेले अप्पांच्या फोनवर,
आणि अप्पा पारोळ्यात, भर वरातीत.
चौथ्यांदा उचलला.
मागे ढोल, जनरेटर,
कुणीतरी ओरडतंय, बँड का थांबला रे.
"सात," अप्पा म्हणाले. "दोन. पुन्हा दोन. पूज्य."
दम लागलेला.
"नऊ. चार. लिखं का?"
लिहिलं.

फोन बंद करायचा राहून गेला त्यांचा.
मी पडद्यावर फिरणारं गोल चक्र बघत बसले.
तिकडे खिशातून, कोटाच्या अस्तराआडून,
सूर जिथे तुटला होता
तिथूनच पुन्हा लागला.