शेरा

तीन वाजून चोवीस मिनिटं.
आमचा कूलर तसाही थरथरतोच मे महिन्यात,
म्हणून त्याची साक्ष मी धरली नाही.
गोळीबार चौकात लोक ओट्यांवर आले.
कोणी म्हणालं खाणीतला सुरुंग,
कोणी म्हणालं कोळशाची मालगाडी.
मोटघरे सरांनी मोबाईलवर तक्ता उघडला:
भर गं, तुझी बोटं चालतात.

टांगलेल्या वस्तू हलल्या का?
भांडी वाजली का?
घाबरलात? थोडे, बरेच, अजिबात नाही.

गिरजाबाई हेडाऊ मागावरून उठल्याच नाहीत.
"हालली ना बाप्पा!
धोटा हातातच होता माह्या.
पायाले आधी समजलं, मंग हाताले.
सुरुंग मले ठाव आहे, गाडीबी ठाव आहे.
हे तसं नोहोय.
शेजारी कोणी पाटा सरकवावा, तसं."

आपण कितव्या मजल्यावर होता?
तळ, पहिला, दुसरा, थेट दहाव्याच्या वर.
खड्ड्यात पाय सोडून
कंबरेपर्यंत जमिनीत बसलेल्या बाईला
रकानाच नव्हता.
तळमजला दाबला. शेऱ्यात लिहिलं:
दीड हात खाली.

समोरचा तौसीफ डोळे चोळत आला,
मी तर झोपलेलो, माझं कशाला?
सर म्हणाले, त्याचंही लिही.
जिथं जाणवलं नाही
तिथंच नकाशा संपतो.
"मंग?" गिरजाबाई आतून,
"काठाबिगर लुगडं असते काय?"

माझं स्वतःचं राहिलंच.
कुठे होतात? कूलरसमोर.
काही हललं?

कूलर बंद केला
आणि फरशीवर तळवे टेकून
बसून राहिले.