विभाग चौथा : खाण

आमच्या पार्कात समुद्र पहिल्या विभागात,
बर्फ दुसऱ्यात, डायनोसॉर तिसऱ्यात
आणि खाण चौथ्यात.
दर दोन विभागांमध्ये एक कमान, एक वळण, बांबूचं दाट बेट.
बर्फात उभ्या माणसाला डायनोसॉरची शेपटी दिसली
तर तिकिटाचे निम्मे पैसे वाया,
असं ट्रेनिंगमध्ये दोनदा सांगितलं होतं.

मी चौथ्यात. पिवळं हेल्मेट, गळ्यात शिटी.
ट्रॉली सुटते, बोगद्यात शिरते,
अंधार, किंकाळ्या, एक खोटा सुरुंग,
बाहेर.
एक मिनिट पन्नास सेकंद.
त्यासाठी रविवारी लोक चाळीस मिनिटं उभे राहतात.

ज्या बाईंनी हे सगळं आखलं
त्या उन्हात छत्री धरून म्हणाल्या होत्या,
ट्रॉली काय, कुठेही मिळते.
चाळीस मिनिटं माणूस कुठे उभा असतो, ते आपण विकतो.

म्हणून रांगेच्या कडेला फावडी, त्यांच्यावर रंगवलेला गंज,
वजनकाटा, खडूनं लिहिलेला खेपांचा फळा,
आणि दर सात मिनिटांनी
झाडीतून येणारा ट्रकचा हॉर्न.
धूळसुद्धा आहे. फवाऱ्यातून येते, तांबडी.
धुतली की जाते. तशी पाटी लावली आहे.

खरी खाण कुंपणापलीकडे.
तिच्यात आता हिरवं पाणी आणि पाणकोंबड्या.
मध्ये बांबू नाहीत, वळण नाही,
पण तिकडे कुणी बघत नाही.

बाबा फॅमिली पासवर आले, इस्त्रीच्या शर्टात.
समुद्र ओलांडला, बर्फाकडे मान वळवली नाही.
सोळा वर्षं त्यांनी सांगेच्या रस्त्यावर टिपर चालवला.
मग कुठेतरी कुणाची तरी सही झाली
आणि टिपर आमच्या अंगणात येऊन थांबला.
दुसऱ्या पावसाळ्यात चाकांवर कारल्याचा वेल चढला.
आई बॉनेटवर वाकून कारली तोडायची.

मी त्यांना पुढे घेतलं नाही. नियम आहे.
त्यांनीही मला ओळख दाखवली नाही.

त्यांच्या पुढे बेळगावचा एक मुलगा, आइस्क्रीमनं माखलेला.
त्याला ते फळा दाखवून म्हणाले,
हे चूक. एका दिवसात चाळीस खेपा?
मग रस्त्यावर एक कुत्रा जिवंत राहिला नसता.
मुलगा म्हणाला, तुम्ही खरे आहात?
बाबांनी थोडा विचार केला.
होतो, म्हणाले.

मग सांगत गेले. जेटीवर लाईन असायची, अशीच,
फक्त तीन किलोमीटर, आणि माणसांच्या जागी गाड्या.
लाईनीत जेवलो, लाईनीत दाढी केली,
क्लीनरच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलो.
ती शिटीवाली दिसते ना,
ती जन्मली तेव्हा माझ्या पुढे सत्तावीस गाड्या होत्या.
मुलाच्या आईनं मोबाईल खाली केला.
मागचे दोघे, नवीन लग्न झालेले, जरा पुढे सरकले.

तेवढ्यात झाडीतून हॉर्न वाजला.
सगळे हसले.
बाबांचा उजवा पाय
सिमेंटच्या फरशीवर जोरात दाबला गेला.

पाच वाजून दहा मिनिटांनी ते माझ्यासमोर पोचले.
मी दांडी उचलली. बसा, म्हटलं,
सगळ्यांना म्हणते तसंच.
त्यांनी ट्रॉलीकडे पाहिलं, बोगद्याकडे पाहिलं,
आणि म्हणाले, हांव हांगाच देंवतां.

भित्र्या मुलांसाठी बाजूला एक दार आहे.
त्यातून गेले. कॉलरवर तांबडं घेऊन.

रात्री रिपोर्टात एक रकाना भरावा लागतो :
राईड न घेता परतलेले.
ऑफिसात तो तोट्यात धरतात.
मी त्यात शून्य लिहिलं
आणि शिटी खिळ्याला टांगली.