गुळाचं माप

दस्तगीरमामू म्हणायचा,
इंजन उघडायला अक्कल लागते, लायनर काढायला हत्यार.
अक्कल उसनी मिळते.

जिनगोंडा आप्पांच्या झेटरचा तिसरा लायनर
ब्लॉकमध्ये बसला होता
वाटणीवरून रुसलेल्या भावासारखा:
हलत नव्हता, बोलत नव्हता.
कंपनीचा पुलर बेळगावात एकाच डीलरकडं होता,
त्या जागी आता मोबाईलचं दुकान.
गांधीनगरच्या भंगारात मी दोन दिवस उकिडवा बसलो.
एक पाना सापडला,
त्यावर कुठल्या तरी देशाचा घोडा कोरलेला,
तोंड सव्वा सूत मोठं.
तेवढाच घेतला. रिकाम्या हातानं परतू नये म्हणून.

मग मामू म्हणाला, करून घेऊ.
करायची ती एक चकती,
दोन बाजूंनी छाटलेली, म्हणजे तिरकी होऊन आत उतरेल
आणि बुडाशी गेल्यावर आडवी होऊन अडकेल.
मधून आट्यांची सळई, वर लोखंडी पूल, पुलावर नट.
आवळत जायचं. बस्स.

माप?
कॅलिपर नव्हता असं नाही.
त्याचे जबडे तिथवर पोचत नव्हते.
संकेश्वरच्या अलीकडं गुऱ्हाळ चालू होतं,
मी द्रोणभर कोमट गूळ आणला,
चेंबर उतरवून खालून दाबून धरला, गार होईस्तोवर.
निघाला तेव्हा बुडाची कडा त्याच्यावर
नाण्यासारखी उमटली होती.
मामूनं पहिल्यांदाच मला शाबास म्हटलं.

एप्रिल महिना, लाल बस, मांडीवर डबा.
हत्तरगीच्या नाक्याला मुंग्या लागल्या.
उद्यमबागेत मौनेश पत्तारनं डब्यात वाकून बघितलं,
कडेचा एक कण चाखला,
"छलो बेल्ल," म्हणाला,
आणि मापं पाटीवर लिहून घेतली.
ट्रकच्या जुन्या ॲक्सलचा तुकडा.
लेथवरून निळे छिलके वळत वळत पडले.

चकती आली. बसली नाही.
एका सुतानं मोठी.
गूळ बसमध्ये पसरला होता,
खिडकीची जागा मिळाल्यावर माणूस पसरतो तसा.

मामू हसला नाही, रागावलाही नाही.
सायकलचा एक आरा तोडून घेतला,
दोन्ही टोकांना कानस लावत बसला.
घासायचा, आत धरून बघायचा, परत घासायचा.
अख्खी दुपार.
दिवेलागणीला आरा आत उभा राहिला, ना सैल ना घट्ट.
कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला:
"हे वितळत नाही."

मला कन्नड येतं बाजारापुरतं,
मौनेशला मराठी शिव्यांपुरती,
पण सुताला तोही सूतच म्हणायचा.
दुसऱ्या चकतीचे पैसे त्यानं घेतले. पहिलीचे नाहीत.
"तप्पु बेल्लद्द," म्हणाला. चूक गुळाची.

नट सात फेरे फिरला.
आठव्याला ब्लॉक एकदाच कण्हला
आणि लायनर वर येत राहिला, हळूहळू,
मागं तांबूस पाणी ओघळत.
आप्पांनी टोपी काढून बॉनेटवर ठेवली
आणि ती तिथंच विसरून घरी गेले.

सळई, पूल, चकती आता खिळ्याला टांगलंय.
त्याला नाव नाही.
हाताखालचं पोरगं विचारतं, हे कशाचं?
एका इंजनाचं, मी सांगतो.
पहिली चकती घरी गेली,
लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून.

मामू गेल्यानंतरच्या दिवाळीत
हुक्केरीचा एक माणूस दारात आला.
फोर्डसन शेतात उभा आहे म्हणाला,
आणि खिशातून कागद काढला.
कागदात आरा.
कुणी तरी सांगितलं होतं त्याला, तुमच्याकडं असं मोजतात.

मी तो बोटांत फिरवला, दोनदा,
आणि घरात हाक मारली: बरणीवरचं वजन काढ गं.
कडेला मीठ चढलं होतं. पॉलिशपेपर मारला.

आतून सरस्वती म्हणाली,
मग बरणीवर काय ठेवू?

तो घोड्याचा पाना दिला.