बुडकी

पत्ता किलवरची सत्ती. साल खाणी जोरात असतानाचं,
नक्की कुठलं ते कोणी सांगत नाही.
कुडचड्याच्या धक्क्यावर बार्ज भरतीची वाट बघत उभी,
प्रत्येक पत्त्यावर तांबड्या धुळीचा अंगठा.
पोकर आणला इनास तारवटीनं, कुठल्याशा ग्रीक जहाजावरून,
अर्धा विसरून.
उरलेला यांनी घरचा घातला.

वारा आला, म्हणतात. सत्ती नदीत गेली.
दुकान पैलतीरावर, आणि डाव तर मांडलेला.
तेव्हा इनास म्हणाला, गेली कुठे? आहे की.
नदीच्या हातात आहे. ज्याला हवी त्यानं मागावी,
रात्रीतून एकदाच.
दोघांनी एकदम मागितली तर दोघेही बुडाले,
मधले पैसे फेणीला.

बार्जवरून बार्जवर गेली बुडकी.
सावर्ड्याला ट्रकांच्या रांगेत शिरली, बॉनेटवर पंचा अंथरून.
वास्कोत तिला जोकर चिकटला, तो पुढे आपोआप गळाला.
काणकोणात मागताना पाण्याला हात लावतात,
पाणी नसेल तर सोड्याला.
खाणी बंद पडल्या तशी माणसं कुवेतला गेली,
बॅगेत एक्कावन्न पत्ते मोजून.

आता मी मांडवीवर, कॅसिनोत, पाचव्या टेबलाला.
काळं जाकीट. बाह्या मनगटाच्या वर, नियमच आहे.
रोज नवा कॅट फोडते, सत्ती काढते,
काचेच्या पेटीत उभी करते.
दिल्लीचे पाहुणे एकमेकांना समजावतात, मकावचा खेळ आहे.
दुसरा म्हणतो, छे, पोर्तुगीज खलाशांचा, चारशे वर्षं जुना.
मी हसते. हसणं पगारात धरलेलं आहे.

त्या बार्जवर सुकाणूला बाबा होते, शाणू गावस.
ते गेल्यावर लायसन्स शोधताना
प्लॅस्टिकच्या कव्हरात, फोटोमागे, सापडली.
कोरडी. अंगठ्यासकट.

म्हणजे वारा नव्हता त्या रात्री.
बाही होती.

आईला दाखवली. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली,
आणि तरी हरूनच आले होते.

इनास अजून आहे, काकोड्याला. डोळे गेलेत.
मी गेले की तेच सांगतो: पाण्यावर उताणी पडली होती,
तिन्ही पानं वर, या डोळ्यांनी बघितली.
परवा मध्येच थांबला.
बापानं तुला काही सांगितलं नाही ना कधी?
नाही, म्हटलं.
बरं केलं, म्हणाला,
आणि पेल्यासाठी टेबलावर हात फिरवत राहिला.