साकु

संकेश्वर सोडून हिरण्यकेशीकडं उतरताना
डाव्या हाताला आमचं शेड. पत्र्याखाली चाळीस मेंढे,
आणि दाराच्या खिळ्याला टांगलेली वही. ती माझी.
मालकीण म्हणून नाही, अक्षर बरं म्हणून.

वहीत तारीख, वजन आणि कानाचा रंग.
वीसजणांच्या डाव्या कानावर निळी खूण:
हुबळीचा पोरगा आला होता पिशवी घेऊन,
कानाच्या कातडीखाली सरकवली त्यानं
तांदळाच्या दाण्याएवढी गोळी
आणि म्हणाला, अक्का, आता बघत राहा.

बघत राहिले.
मक्याचा भरडा, शेंगेची पेंड, तुरीची चुणी,
सगळ्यांना एकाच घमेल्यातून.
साठाव्या दिवसापर्यंत सांगण्याजोगं काही नाही.
नव्वदीनंतर बिनखुणेच्यांनी
वाढणं सोडलं आणि सुटणं धरलं.
निळे मात्र लांबतच गेले.
गव्हाणीत मान घालताना
शिंगाआधी खांदे अडकायला लागले.

यल्लव्वा रोज संध्याकाळी हात थांबवून विचारायची,
"साकु?"
तिच्या कानडीत या शब्दाला दोन तोंडं:
एक म्हणतं पुरे,
दुसरं म्हणतं पोस, सांभाळ, वाढव.
पंचवीस वर्षं नांदतेय मी या गावात
आणि अजून चुकते.
मी म्हणायचे, होय.
ती कधी थांबायची,
कधी आणखी एक घमेलं ओतायची.

एकशे विसाव्या दिवशी दस्तगीरचाचा आले.
ते काटा बघत नाहीत.
कमरेच्या मणक्यावर चार बोटं ठेवतात, डोळे मिटून,
शाळूच्या कणसात दाणा भरला का चाचपावं तसे.
बिनखुणेच्या पाठीवर हात गेला तेव्हा म्हणाले,
"हा महिन्याआधी द्यायचा होता, बाई.
आता एवढ्या चरबीचं मी काय करू?"
निळ्याच्या पाठीवर हात जास्त वेळ राहिला.
भाव ठरला. बोलले काहीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाकी आणायला दुकानात गेले.
तुळई त्यांच्या आज्यानं घातलेली,
आकडेही त्यानंच ठोकलेले,
त्याच्या काळातल्या मेंढ्याच्या मापानं.
बिनखुणेचा टांगलेला होता तो हवेत, एकवीस किलो.
शेजारी आमचा निळा, सव्वीस,
आणि त्याची मान फरशीला टेकत होती.

चाचांनी खाली धुतलेलं पोतं अंथरलं.
"आकडा वर घ्यावा लागंल," म्हणाले,
आणि वर बघत राहिले.
तुळईच्या वर लगेच कौलं होती.

पैसे मोजून दिले, पाच किलोचे जास्तीचेही.
मी ते पदरात नाही, पिशवीत टाकले.
का, ते विचारू नका.

घरी येऊन वहीत नव्या खेपेचं पान आखलं.
तारीख, वजन, दिवस.
रंगाचा रकाना आखला, पुसला, परत आखला.
हुबळीहून दोनदा फोन वाजून गेला.

दाराशी यल्लव्वा, कमरेवर घमेलं.
"साकु?"
या वेळी मीच विचारलं, कुठलं गं?
ती हसली नुसती.
आत नवी पिल्लं पत्र्याला डोकं घासत होती.