अर्धं पोट राखीव

रात्रीचे दोन. वॉर्ड शांत आहे असं म्हणायचं नसतं,
म्हटलं की कुणीतरी घंटा वाजवतं,
म्हणून आम्ही काहीच म्हणत नाही.
वाया गेलेल्या ईसीजीच्या पाठीवर
ल्वान रेघा मारते : हनोई ते हायफाँग,
रविवार, लाँग बिएन स्टेशन, सकाळची सहाची गाडी,
संध्याकाळी परत. मधे जेमतेम दहा तास
आणि तीन पोटं.

तीनच. ती पुन्हा मोजते,
कपाटातल्या कुप्या मोजाव्यात तशी.
यादीत पदार्थ चौदा.
खेकड्याच्या रश्श्यात तांबूस रुंद शेवया.
बोटाएवढा पाव, आत काळजाचं वाटण आणि लाल चटणी.
चौकोनी तळलेली गुंडाळी, तिच्यातही खेकडाच.
गोगलगायी गवती चहाच्या वाफेत,
नारळाची कॉफी, अजून काय काय.
"एक वाडगा, तीन चमचे," ल्वान बजावते,
"रस्सा कुणी तळापर्यंत प्यायचा नाही."
ञुंग म्हणते, मी तेवढ्यासाठीच येतेय.

ञुंगला काळ्या तिळांचे गोळे हवेत,
आल्याच्या कढत पाकातले.
मला काय हवं ते मला सांगता येत नाही.
अकरा वर्षं उभ्यानं जेवते आहे,
झाकण एका हातात, कान घंटेकडे.

"मे महिन्यात?"
पडद्यामागून आवाज. खाट एकोणीस.
"आल्याचे गोळे थंडीत खातात, पोरींनो.
मेमध्ये विकेल तो चोर,
आणि खाईल तो हनोईचा."

विन्ह काका. जन्मभर हायफाँगच्या बंदरात क्रेन चालवली.
सव्वा महिना झाला, नाकात नळी,
दर चार तासांनी दोनशे मिली, फिकट.
मीच देते. ते विचारतात, आज काय आहे?
मी सांगते, कालचंच.

पडदा सरकवून देतो. नळी सावरत
ते यादी ऐकतात, डोळे मिटून,
क्रेनखालून कुणी खुणा करतंय तसे.
"तिखट आधी नको. जीभ एकदा पेटली
की नारळ तिला पाण्यासारखा.
पाव बसून खाऊ नका, ते जेवण नाही,
तो चालताना तोंडात धरायचा.
कॉफी? ती फोटोवाल्यांची. खोडा."
ल्वान खोडते. चौदाचे नऊ. नवाचे सात.
ञुंगचे गोळे गेले, ती गाल फुगवून बसते.

"आता लिहा. बंदराचं तिसरं फाटक, त्याच्यामागे
एक गुलमोहर, खाली दोन बाकडी. पाटी नाही.
माशाचा तिखट रस्सा, वर शेपू,
सुरीनं नाही, हातानं तोडलेला.
बाई दहाला मांडते आणि कंटाळा आला की उठते."
"नाव काय तिचं?"
"नाव विचारलंत तर वाढणार नाही."
"तुम्ही शेवटचे कधी गेला होता?"
ते छताकडे बघत मोजतात.
"क्रेन सोडली त्या वर्षी."
ल्वान माझ्याकडे बघते. केसपेपर आम्ही वाचलाय.
म्हणजे बारा वर्षं.

"डब्यात घेऊन येऊ!" ञुंग बोलून जाते
आणि तिथेच जीभ चावते.
"मुळीच नाही," काका म्हणतात,
"वास आला तर मी नळी उपटीन,
आणि मग मला बांधायला तुम्हीच याल.
खाऊन या. आल्यावर सांगा.
घाईत नाही. रश्श्यापासून सुरू करा."

सातांखाली ल्वान आठवं लिहिते.
वेळ लिहीत नाही. बाई असेल की नाही,
गुलमोहर तरी असेल की नाही.
पुढे फक्त : अर्धं पोट राखीव.
कागदाच्या उलट बाजूला कुणाचं तरी हृदय
नागमोडी चालत राहिलेलं.

चार वाजतात. दोनशे मिली घेऊन मी एकोणीसला.
"आज काय आहे?"
मी पायानं स्टूल ओढते. बसते.
"शेवया," म्हणते. "तांबूस. रुंद."
"किती रुंद?"
मला माहीत नसतं. नळीतून फिकट दूध हळूहळू उतरतं.
"रविवारी बघते," मी म्हणते,
"आणि नीट सांगते."