लिहून देणार

जुन्या जकात घराच्या भिंतीला पाठ लावून
एकोणतीस वर्षं मी लोकांचं लिहून देतो.
पण कागदावरचा 'लिहून देणार' मी कधीच नसतो.
लिहून देणार म्हणजे ज्याचं जाणार तो.
लिहून घेणार म्हणजे ज्याचं होणार तो.
एवढं कळलं तरी अर्धा कायदा आला,
वकिलाची फी न भरता.

आज लिहून देणार होत्या
श्रीमती हेमलता विठोजी दळे, वय एकावन्न,
धंदा घरकाम, राहणार घोडपदेव.
लिहून घेणार त्यांचे धाकटे दीर,
ते रस्त्यापलीकडे झेरॉक्स काढायला गेलेले.
मजकूर त्यांनीच सांगितला होता, मी बडवला :
हक्कसोडपत्र. खोली क्रमांक चौदा.
राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दडपणाशिवाय, नशापाणी न करता.

बाईंनी पिशवीतून चष्मा काढला, एका बाजूनं दोरी बांधलेला.
भांड्यांच्या पावडरीनं सोललेलं बोट ओळीवर ठेवलं.
अक्कलहुशारीपाशी बोट थांबलं.
"हे मी कधी म्हटलं?"
"तसं लिहितात, बाई. सगळ्यांच्यात असतं."
"भावजी म्हणतात, नॉमिनी ते. खोली आपसूक त्यांची."

हे बोलणं माझ्या दरात बसत नाही.
पण उन्हाची वेळ, दुसरं गिऱ्हाईक नाही.
म्हटलं, समजा तुम्ही नळावर गेलात
आणि शेजारणीला म्हणालात, जरा पिशवी धर गं.
तिनं धरली.
पिशवी तिची झाली का?
"आमच्या शेजारणीची झाली असती,"
बाई म्हणाल्या. हसल्या नाहीत.

नॉमिनी तेवढाच. धरणारा.
सोसायटी त्याच्या हाती देते,
पण ज्याची त्याला पोचती करायची असते.
ज्याची म्हणजे वारसांची. तुमची, तुमच्या लेकीची.
सोडायचं तर खुशाल सोडा,
पण सोडायला आधी हातात काय आहे ते ठाऊक हवं.
एकदा सही झाली की कोर्ट धरून चालतं, वाचलंत.
मग वाचलं नव्हतं हे शाबीत करत
तुम्ही हिंडायचं, मी नाही.

दीर आले. झेरॉक्स अजून गरम.
"झालं का, वहिनी? साहेब दोनला जेवायला उठतात."
"वाचतेय."
"त्यात काय वाचायचंय?"
"तेच बघतेय."

दोन वाजले. साहेब उठले.
बाईंनी कागदाच्या चार घड्या केल्या,
चष्म्याबरोबर पिशवीत ठेवला.
पानाला तीस, दोन पानांचे साठ.
दीर पैसे काढत होते, त्यांनी हात आडवा घातला,
स्वतः दिले, आणि म्हणाल्या, "पावती द्या."

पावती!
एकोणतीस वर्षांत कुणी मागितली नव्हती.
मशीनला कागद लावायला गेलो, मग राहू दिलं.
पेनानं लिहिलं : साठ रुपये मिळाले. तारीख.
खाली माझं नाव. हात अडखळला,
ते लिहायची सवय राहिली नव्हती.
बाईंनी पुन्हा चष्मा लावला,
बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचलं,
कागद माझ्याकडे फिरवला.
"बरोबर आहे," म्हणाल्या.
"आता सही करा."